रिकामा तुकडा

एकदा एक मनुष्य आपल्या वृद्ध गुरूंसमोर कॉम्प्युटरचा डबा ठेवून म्हणाला, "अप्पा, एवढं करा. यातून माझी आई तेवढी बाहेर काढून द्या. बाकीचं काही नको."

गुरू म्हणजे कुणी मठाधिपती नव्हेत. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर आले, तेही गेले, आणि अप्पा त्याच स्टुलावर बसून आता लोकांचे कॉम्प्युटर उघडत होते. डबा घेऊन आलेला मनुष्य, सदानंद त्याचं नाव, कॉलेजच्या दिवसांत चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम शिकला होता. पुढे पाटबंधारे खात्यात नोकरीला लागला, केस पिकले, पण दुकानात आला की अजूनही तो अप्पांसमोर स्टुलावर बसत नसे, लाकडी खोक्यावर बसे. शिकलेलं किती लक्षात राहिलं होतं कोण जाणे, बसायची जागा मात्र तो विसरला नव्हता.

त्याची आई गात असे. ती एका कीर्तनकाराची लेक. माहेरी ओटीवर तंबोरा असायचा, आणि लहानपणी त्याच्या तारा छेडायचं काम तिच्याकडे होतं. लग्न होऊन ती ज्या घरात आली तिथे दोन म्हशी होत्या, तीन दीर होते, पाहुण्यांचा राबता होता, तंबोरा नव्हता. त्याविषयी तिने आयुष्यात चकार शब्द काढला नाही. स्वयंपाक करता करता गायची, आणि कुणी ऐकतंय असं दिसलं की थांबायची. वडिलांनी रचलेली अकरा पदं तिला मुखोद्गत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला येतही नव्हती.

आईला अठ्ठ्याहत्तरावं वर्ष लागलं तेव्हा सदानंदला जाग आली. आपल्यापैकी बहुतेकांना ती साधारण याच सुमारास येते. शहरातल्या स्टुडिओचे जिने तिला झेपणारे नव्हते, आणि ती म्हणाली होती, "परक्या घरात माझा गळा उघडायचा नाही बाबा." म्हणून घरातच ध्वनिमुद्रण करायचं ठरलं. हात आखडता घेऊनच सगळं जमवायचं होतं. अप्पांनी कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला कॉम्प्युटर मिळवून दिला. त्यात मेमरी वाढवली, जुनी खडखडणारी डिस्क काढून लहानशी पण चपळ डिस्क बसवली. माइकचा आवाज आत घेणारी हातभर वायरीची एक छोटी पेटी वापरलेली मिळाली. माइक लावला तो आईच्याच मागच्या आजारपणातल्या सलाइनच्या स्टँडला. भिंतींवर गोधड्या टांगल्या. नको ते सगळे प्रोग्राम अप्पांनी एकेक करून काढून टाकले आणि इंटरनेटही बंद केलं. म्हणाले, "गाण्याच्या वेळी यंत्राच्या मनात दुसरा विचार येता कामा नये."

सगळं मनासारखं झालं, फक्त डब्यातला पंखा गुणगुणत राहिला. डबा दाराबाहेर पडवीत ठेवावा आणि लांब वायर आत घ्यावी, असं सदानंदच्या मनात होतं. पण खाटेवर बसलेली आई म्हणाली, "राहू दे रे आत. सोबत होते." म्हाताऱ्या माणसाची लहर समजून तो हसला आणि डबा तिच्या पायाशीच राहिला.

तीन दुपारी मिळून अकरा पदं झाली. दर वेळी तो बटण दाबून खूण करी, आणि आई नुसती बसून राही. डोळे मिटलेले, मान किंचित डबा होता त्या बाजूला कललेली. चाळीस-चाळीस सेकंद जात. सदानंद हातवारे करी, आई बघत नसे. तिला शब्द आठवत नसावेत, असं वाटून त्याचा जीव टांगणीला लागे. मग एकाएकी ती सुरू करी, आणि शेवटपर्यंत एकही शब्द अडखळत नसे.

चार महिन्यांनी आई गेली.

तेरावं आटोपल्यावर सदानंदने कानांना हेडफोन लावले, तर त्याला आधी ऐकू आला तो पंखा. प्रत्येक पदाखाली, प्रत्येक श्वासामागे तो गुणगुणत होता. आपण स्वस्तातलं घेतलं आणि आयुष्यात एकदाच मिळणारी गोष्ट नासवली, हे एकच त्याच्या मनाने घेतलं. दुसऱ्याच दिवशी तो अप्पांच्या दुकानात गेला आणि रागारागाने पंखा बदलून मुका पंखा बसवून घेतला. अप्पांनी जुना पंखा एका पत्र्याच्या डब्यात टाकला.

मग सुरू झाली साफसफाई. आवाज स्वच्छ करणारा एक प्रोग्राम असतो. त्याची रीत सोपी आहे. जिथे कुणी गात नाही, बोलत नाही, असा एक रिकामा तुकडा त्याला दाखवायचा आणि हा कचरा आहे, असं सांगायचं. मग तो तसा कचरा सबंध गाण्यातून वेचून काढतो. सदानंदला तुकडा शोधायला लांब जावं लागलं नाही. प्रत्येक पदाच्या आरंभी चाळीस सेकंद तयारच होते. ते दाखवून त्याने अकराही पदं धुऊन काढली. डिस्क लहान होती, आणि तो गुणगुणाट जपून ठेवायचा तरी कशासाठी, म्हणून मूळच्या मुद्रणावरच त्याने नवं स्वच्छ मुद्रण उतरवलं. मूळ पुसलं गेलं.

आता निखळ शांतता होती आणि त्या शांततेत फक्त आईचा आवाज होता. शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येत होता, पण आई काही भेटेना. तो रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ऐके आणि रोज त्याला वाटे की कुणीतरी आईचा आवाज पाठ करून म्हणून दाखवतंय. त्याला तिची इतकी आठवण येई की कपाटातलं तिचं लुगडं काढून तो नुसता हातात धरून बसे, आणि लुगड्यात ती जेवढी सापडे तेवढीही तिच्या गाण्यात सापडत नसे.

वर्षश्राद्धाला बकुळामावशी आली. आईची ही धाकटी बहीण, अकरा पदं जिने वडिलांच्या तोंडून ऐकली होती अशी आता एकटीच उरलेली. सदानंदने तिच्यासाठी पहिलं पद लावलं. मावशीने दीड कडवं ऐकलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "सुरेल आहे रे. पण ही आमची अक्का नव्हे. हिला कुणी अधांतरी धरून गायला लावलंय, असं वाटतंय."

हे वाक्य त्याला झोंबलं. कुठेतरी अजून मळ राहिला असेल, आपला हात कमी पडला असेल, असं समजून दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच तो डबा उचलून अप्पांकडे आला, आणि आरंभी सांगितलं ते वाक्य म्हणाला.

अप्पांनी पहिलं पद पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "गायला लागण्याआधी ती किती वेळ गप्प होती?"

"चाळीसेक सेकंद. दर वेळी."

"आणि यंत्राला कचरा म्हणून कोणता तुकडा दाखवलास?"

"तोच की. रिकामाच होता तो."

अप्पा उठले, पत्र्याचा डबा उपडा केला, आणि स्क्रू, वायरी आणि मोडक्या बटणांच्या राशीतून तो जुना पंखा वेचून काढला. सदानंद बघत असतानाच त्यांनी त्याच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, मुका पंखा काढला आणि हा गुणगुणणारा पुन्हा जागेवर बसवू लागले. पात्यांवर धुळीचा थर होता. सदानंद फडकं घ्यायला गेला तसे म्हणाले, "पुसू नकोस. होता तसाच राहू दे."

सदानंदला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा गुरूंसमोर त्याचा आवाज चढला. "अप्पा, वर्षभर मी याच्यापासून आईला सोडवतोय. आणि तुम्ही हाच परत घालताय?"

"हो," अप्पा स्क्रू पिळत म्हणाले. "उद्या दुपारी ज्या खोलीत ती गायली त्याच खोलीत हा लाव. मावशीला थांबवून घे. मी येतो."

दुसऱ्या दिवशी अप्पा काठी टेकत आले. मावशी भिंतीशी बसली होती. डबा खाटेच्या पायाशी, पूर्वी होता तिथेच ठेवला. बटण दाबताच पंखा गुणगुणू लागला आणि सदानंदच्या कपाळाला आठी पडली. अप्पांनी पहिलं पद लावायला सांगितलं. आरंभीचे ते मोकळे चाळीस सेकंद तो नेहमी पुढे ढकलत असे. आताही त्याचा हात पुढे झाला, पण अप्पांनी तो धरला.

खोलीत पंख्याचा एकच अखंड सूर भरून राहिला होता. सदानंद खाटेकडे बघत होता. एका क्षणी त्याच्या ध्यानात आलं की आईची मान डब्याकडे कललेली असायची. आणि मग आई गायला लागली, ती नेमकी त्या सुरातून उठून. पंख्याचा सूर जिथे होता तिथेच तिचा सा होता, केसाचंही अंतर नव्हतं. पद वर गेलं, खाली आलं, आणि दर कडव्याच्या शेवटी त्या गुणगुणीवर येऊन विसावलं.

मावशीने डोळे मिटले होते. तिचा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला आणि तिची बोटं, नसलेल्या तारा छेडाव्यात तशी, एकामागून एक हलू लागली. पद संपल्यावर ती म्हणाली, "आता टेकली अक्का."

सदानंदने अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "तुझी आई एकदा तुमच्या घरचा रेडिओ दुरुस्तीला घेऊन आली होती. तू तेव्हा शाळेत असशील. त्यात खरखर होती आणि मागे एक जाड गुणगुण होती. मला म्हणाली, खरखर काढा, पण मागचं ते गूं राहू द्या. मी म्हटलं, बाई, खरा बिघाड तोच आहे. तर म्हणाली, असू द्या. घरात तेवढा एकच सूर ढळत नाही. मी मनात तिला वेड्यात काढलं. रेडिओ न्यायला आली तेव्हा मी तो लावून दाखवला, तर स्टेशन लागायच्या आत तिने त्या गूंवर हळूच सा लावला आणि पटकन गप्प झाली. मला तेव्हा कळलं. तिला तंबोरा मिळाला नाही, सदा, पण तिने त्याच्याविना कधी गायलंही नाही. जे काही एका सुरात वाजत राहील त्याला तिने तंबोरा मानलं. ते चाळीस सेकंद ती आठवत नव्हती. ती सूर जुळवत होती. तू तिचा तंबोरा कचरा म्हणून यंत्राला दाखवलास, आणि यंत्राने तुझं ऐकलं."

सदानंदला स्वयंपाकघरातला पितळी स्टोव्ह आठवला. तो पेटून एकसारखा घरघरू लागला की आई गायला लागायची, आणि भाकऱ्या झाल्या, स्टोव्ह शांत झाला की तीही थांबायची. काम संपलं म्हणून गाणं संपलं, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. कुणीतरी ऐकतंय म्हणून ती थांबते, असंही घरातले म्हणत. तिला कशाची आस होती, हे त्या घरात कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारणाऱ्यांत तोही होता. तो मान खाली घालून रडला. दोघा म्हाताऱ्यांनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "अप्पा, मूळचं परत मिळेल?"

"नाही," अप्पा म्हणाले. "कचऱ्याबरोबर तिचंही थोडं गेलंय. श्वास गेलेत, बांगड्या गेल्यात. ते कुणाला आणता यायचं नाही. सूर तेवढा शिल्लक होता, तो परत केला."

अप्पा दुकानाकडे परतले. दुसऱ्या दिवशी मावशीला गाडीत बसवून सदानंद घरी आला, खाटेसमोर जमिनीवर बसला आणि त्याने पंखा सुरू होऊ दिला. आपली माणसं गेल्यावर आपण त्यांना निर्मळ करून आठवू पाहतो; ती कशाच्या आधाराने उभी होती, तेवढं आधी विचारून घ्यावं. सदानंदने मग अकराही पदं क्रमाने लावली. प्रत्येक पदापूर्वी आई चाळीस सेकंद गप्प होती, आणि त्या दुपारी त्याने त्यातला एकही सेकंद पुढे ढकलला नाही.