गयना कुंभारणीची हाक

फार फार वर्षं झाली. निंबखेड्याजवळ, नदीच्या काठी, पांढरीचं टेकाड होतं. पांढर म्हणजे कधीकाळी मोडून मातीला मिळालेल्या गावाची जागा. निंबखेड्यात गयना नावाची कुंभारीण होती आणि तिला जुन्या मडक्यांचं वेड होतं. पुरानं दरड ढासळली की लाल अंगावर काळी नक्षी असलेली मडकी उघडी पडत. गयना ती आणी, धुई, ओसरीवर मांडी. "असा हात आता कुणाला नाही," म्हणे.

एका दुष्काळात शहरातून व्यापारी आला. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी तो अशी मडकी गोळा करी. त्यानं धान्याची गाडी पुढे केली. गयनानं ओसरी रिकामी केली आणि आणखी मडक्यांसाठी दरड खणू लागली. खाली तोंडाला तोंड लावून पुरलेली मोठी मडकी मिळत. आतली माती ती न बघताच नदीत झटकून टाकी. अशा अकरा जोड्या झाल्या.

बाराव्या वेळी मातीबरोबर तिच्या ओंजळीत इवलासा जबडा आला. दात अजून फुटायचे होते.

"हाडं फेक, मडकं दे," व्यापारी म्हणाला.

"मालक, कुणाची तरी तान्ही निजवलीत हो ही!"

ती थांबली, पण गाव थांबलं नाही. भूक मोठी होती. माणसं कुदळी घेऊन आली, मडकी गाडीत गेली, हाडं उन्हात पडली. असं म्हणतात, त्या दिवसापासून गावातली पाळण्यांतली पोरं रडेनाशी झाली. डोळे उघडे ठेवून नुसती पडून राहत.

मग गयनानं चाक फिरवलं. हाडं वेचली, नव्या मडक्यांत निजवली, पुन्हा पुरली. असं म्हणतात, तिनं रेघही ओढली नव्हती, तरी भट्टीतून मडकी काळी नक्षी लेवून निघाली. पण नदीत गेलेल्या अकरा तान्ह्यांचं काय? तिनं अकरा जोड्या घडवल्या, काठाखाली नेल्या आणि पाण्याला हाका मारत बसली, "या रे बाळांनो, घरं केलीत तुमची."

आषाढात पूर आला. ती उठली नाही. दरड तिच्या अंगावर आली.

पाणी ओसरल्यावर अकरा जोड्या सापडल्या. तोंडं बंद होती आणि हलवल्या की आत खुळखुळत होतं. गयना सापडली नाही. असं म्हणतात, त्याच घटकेला गावातली सगळी पोरं एकदम रडली.

आजही निंबखेड्यात नवं मडकं घरी आणलं की बाई त्यात लगेच पाणी भरत नाही. मडक्याला तोंड लावून विचारते, "आत कुणी निजलंय का रं?" आवाज घुमून विरेपर्यंत थांबते, मगच पाणी भरते. या विचारण्याला गयनाची हाक म्हणतात. ज्या घरचं तान्हं गेलेलं असतं, तिथली बाई जरा जास्त वेळ थांबते. तिला कुणी घाई करत नाही.