धक्क्याचा एकटा खांब

"हलतो तो खांब पक्का कसा म्हणायचा, महाराज?"

अच्युतने हे विचारलं तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत ओल्या वाळूने माखले होते. सोमगिरी महाराज ओट्यावर बसून पेज पीत होते.

"पक्का म्हण, असं कोण म्हणालं?" ते म्हणाले.

मठ म्हणजे खाडीच्या मुखाशी, वाळूच्या पट्टीवर, एक कौलारू घर, एक गाय आणि ही दोन माणसं. अच्युत पूर्वाश्रमी पुलांची कामं घ्यायचा. काम चोख, पण जीभ तिखट. त्या जिभेपायी आधी माणसं त्याला सोडून गेली, मग तोही स्वतःला कंटाळला आणि इथे आला. गळ्यात माळ आली, तरी कनवटीचा ओळंबा सुटला नव्हता. दोरीला बांधलेलं ते पितळी वजन खाली सोडून, दिसेल ती उभी वस्तू सरळ आहे की नाही, हे तो बघत राही. गाय उभी राहिली तरी हा मनातल्या मनात ओळंबा लावायचा.

पलीकडच्या वाडीची माणसं तरीच्या होडीतून यायची आणि उतरताना कमरेएवढ्या पाण्यात भिजायची. म्हणून महाराजांनी त्याला धक्का बांधायला सांगितला होता. धक्का झाला. त्याच्या पुढे, होडी बांधायला, एक ऐनाचा खांब वाळूत खोल ठोकला होता. तो एकटाच उभा. भरतीचा रेटा त्याच्यावर, होडीचं आपटणंही त्याच्यावरच.

आणि तो खांब रोज किनाऱ्याकडे थोडा कलायचा.

"रोज ओहोटीला जातो," अच्युत म्हणाला. "बुंध्याची वाळू उकरतो. दोर लावून खांब ओढतो, ओळंब्यात आणतो, वाळू परत भरतो. दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा तेवढाच वाकडा! महिना झाला. पहिल्या दिवशी जेवढा हलला तेवढाच आजही हलतो."

"मग?"

"मग काय? वाळूच खोटी आहे. नाहीतर मी खोटा."

महाराजांनी पेजेचा घोट घेतला.

"मी निघतो, महाराज. गाठोडं बांधलंय. ज्याला एक खांब उभा करता येत नाही, त्याने इथे बसून काय उभं करायचं? आणि नेमाचं तर विचारूच नका..."

महाराजांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं. ज्या दिवशी राग येईल त्या दिवशी झालेला सगळा जप सोडून द्यायचा आणि पहिल्या माळेपासून धरायचा, असा अच्युतचा नेम होता. मठाचा हा नियम नव्हता, ह्यानेच स्वतःला लावून घेतला होता. त्यामुळे इतक्या महिन्यांत त्याचा जप पहिल्या आठवड्यापुढे कधी सरकलाच नव्हता.

तेवढ्यात तरीवाला धाकू तावातावाने वर आला.

"महाराजांनू, ह्या बुवांका जरा सांगा. होडी लागली काय माझ्या अंगार येतत! होडी काय मांजर आसा, पाय न वाजयता येवक?"

"रोज खांबावर आदळतोस तू!" अच्युत कडाडला.

मग त्याचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. आजचाही नेम गेला होता. त्याचा चेहरा पाहून धाकूलाच वाईट वाटलं, आणि तो पाय न वाजवता निघून गेला.

महाराज उठले. कोपऱ्यातली काठी घेतली.

"जायचंच आहे तर जा. पण आधी चल."

दोघं कोरड्या वाळूत आले. महाराजांनी काठी हातभर खोल रोवली.

"रेट."

अच्युतने वरचं टोक एका बोटाने रेटलं. काठी कलली. तिच्यामागे बारीक फट पडली आणि वाळूचे कण घरंगळत त्या फटीत गेले.

"सोड. आता परत. तेवढ्याच जोराने."

अच्युतने रेटलं. सोडलं. रेटलं. सोडलं. महाराज समुद्राकडे बघत उभे होते. "पुरे" म्हणेनात.

काठी कलत होती खरी... पण प्रत्येक वेळी थोडी कमी. मग इतकी कमी, की बोटाला जाणवेना. बुंध्याशी वाळू खाली बसली होती, तिथे वाटीएवढा खळगा झाला होता.

"आता सरळ कर."

अच्युतला हे आवडीचं काम. त्याने वाळू उकरली, काठी उभी केली, वाळू परत लोटली, सवयीने ओळंबा काढून बघितला. अगदी सरळ.

"रेट."

एका बोटाने काठी पहिल्यासारखीच कलंडली.

अच्युत बघत राहिला.

"पण आधी ती वाकडी उभी होती, महाराज..."

"उभी होती ना?"

महाराजांनी हात पुढे केला.

"ओळंबा दे. अमावास्येचं उधाण होईपर्यंत तो माझ्याकडे. तोवर खांबाला हात लावायचा नाही."

"आणि पडला तर?"

"मला खांबातलं काय कळतं? तू पूल बांधलेस. रोज एवढंच बघून ये, कालच्यापेक्षा कमी हलला की जास्त. जास्त हलायला लागला तर मीच कुऱ्हाड काढून देतो. माणसं बुडवायची नाहीत आपल्याला."

गाठोडं दाराशी तसंच राहिलं.

अच्युतने खांबाच्या डोक्यापासून धक्क्यापर्यंत दोरी ताणली आणि तिला गाठ मारली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला दोरी सैल होऊन लोंबत होती. खांब चांगला दोन बोटं सरकला होता. अच्युतचे हात दोराकडे गेले. मोठ्या कष्टाने त्याने ते मागे घेतले आणि पाठीमागे बांधून मठात आला.

"दोन बोटं, महाराज!"

"पेज घे."

रोज तो दोरी पुन्हा ताणून नवी गाठ मारी. नंतरच्या दिवशी एक बोट. मग अर्धं. मग सुपारीच्या खांडाएवढं. अच्युतला झोप लागेना, कारण खांब पडत नव्हता. पडला असता तर तो सुखाने गाठोडं उचलून निघाला असता. वाकड्या खांबासोबत जगायची त्याला सवय नव्हती.

एरवी रोज गाईच्या आंघोळीमागे लागणाऱ्या अच्युतने तिला मोकळं सोडलं, गोठ्याची वाकडी मेढ तशीच राहू दिली.

अमावास्येला उधाण आलं. लाटा धक्क्याच्या फळ्यांवरून पलीकडे पडत होत्या. भरती ओसरल्यावर अच्युत धावत खाली गेला आणि त्याहून जोरात धावत वर आला.

"जास्त हलला! कालच्यापेक्षा जास्त! बोटभर गेला, महाराज..."

महाराज आत गेले. खरोखरच कुऱ्हाड घेऊन आले. शब्द दिला होता. त्यांनी ती अच्युतच्या हातात दिली.

अच्युत दोन पावलं गेला आणि थांबला.

महाराजांनी विचारलं, "लाट कालचीच होती का?"

वाऱ्याने झावळ्या सळसळत होत्या. अच्युतने कुऱ्हाड हातात धरून समुद्राकडे पाहिलं. मग त्याने ती हळूच भिंतीला टेकवली.

"एक दिवस बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी समुद्र निवळला. होडी आली. भरलेली होती. वाडीची माणसं, बाजाराच्या टोपल्या, आणि मध्ये कापडात गुंडाळलेलं तान्हं मूल घेऊन बसलेली एक बाळंतीण. धाकूने वल्हं मारलं, अंदाज चुकला आणि होडी तिरकी येऊन खांबावर सगळ्या भाराने आदळली.

अच्युतने डोळे मिटले.

ठक्क.

डोळे उघडले तेव्हा होडी मागे सरली होती आणि खांब होता तिथेच होता. वाकडा. दोरी ताठ. तिची गाठ कणभरही सरकली नव्हती.

"बुवांनू, आयकलात?" धाकू ओरडला. "कालपर्यंत खांबो धप्प वाजायचो. आज ठक्क वाजलो!"

बाळंतीण कोरड्या पायांनी धक्क्यावर उतरली. मूल जागंसुद्धा झालं नाही.

अच्युत वाळूत मटकन खाली बसला. त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं त्याला वाटलं. सगळे उतरून गेले तरी तो तिथेच त्या वाकड्या खांबाकडे बघत बसला. हा खांब इतका देखणा आहे, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं.

मग तो उठला. धाकूकडे बघून सवयीने म्हणाला, "जरा बघून लावत जा की रे!"

"व्हय, बुवा," धाकू हसत म्हणाला.

मठात येऊन अच्युतने दाराशी पडलेलं गाठोडं पुढ्यात घेतलं. गाठ सोडायला बोटं घातली... आणि थांबला. त्याचा चेहरा उतरला.

महाराज तांदूळ निवडत होते. शेजारी सुपाच्या काठावर ओळंबा पडला होता, वाऱ्याने सूप उडू नये म्हणून.

"महाराज, खांब राहिला."

"ऐकलं. ठक्क."

"पण मी धाकूवर परत ओरडलो. आजही नेम मोडला." गाठीवरची बोटं तशीच होती. "आता सांगा. जप उद्या पहिल्या माळेपासून धरू, की हे उचलून जाऊ?"

महाराजांनी तांदळातला एक खडा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि अंगणात भिरकावला.

"कालच्यापेक्षा कमी ओरडलास की जास्त रे?"