एक हजार एक मडकी

एका राज्यात एक गणितशास्त्री होता. आकडा ऐकायचा, मिशीवरून हात फिरवायचा आणि निकाल द्यायचा. निकाल बहुतेक वेळा बरोबर यायचा. माज चढायला तेवढं पुरलं.

राजाच्या मुलीचं लग्न ठरलं. राजाला शकुनाचा वरचा एक फार प्रिय. त्यानं कुंभारणीला हजार नाही, एक हजार एक मडकी सांगितली. तिनं ती घडवली, भाजली आणि महिनाभर गाढवावरून वाड्यात आणून टाकली.

लग्नाच्या सकाळी व्याह्यांचा निरोप आला. "मांडवात मडक्यांच्या उतरंडी लावा. सगळ्या सारख्या उंचीच्या हव्यात. एक जरी मडकं शिल्लक दिसलं, तरी वरात वेशीवरून परत फिरेल."

राजानं शास्त्र्याला बोलावलं. एका उतरंडीत किती मडकी ठेवायची, ते त्यानं सांगायचं होतं.

शास्त्र्यानं दोन-दोन लावून पाहिली. एक उरलं. तीन-तीन लावली. दोन उरली. चारनं एक, पाचनं एक, सहानं पाच. तेवढ्यात त्याला भूक लागली.

"महाराज, ही मूळ संख्या आहे," तो म्हणाला. "एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला कोणी भागत नाही. एक मडकं फोडा. हजार राहतील. मग दहा-दहाच्या उतरंडी लावा."

राणी कडाडली, "लग्नाच्या मांडवात मडकं फोडायचं? घरात मयत झालंय का?"

राजकन्या रडायला लागली. वेशीकडून सनई ऐकू आली.

कुंभारीण दाराशी उभी होती. ती म्हणाली, "शास्त्रीबुवा, सातानं बघितलंत का?"

"दोनापासून सहापर्यंत पाच जणांनी नकार दिला. सात काय वेगळं सांगणार? ही संख्या मूळ नसेल, तर माझी पगडी तुझ्या गाढवाला!"

"मग काढा," कुंभारीण म्हणाली. "त्याच्या पाठीवर मी दर खेपेला सात मडकी लादते. आठवं ठेवलं की ते खाली बसतं. एकशे त्रेचाळीस खेपा झाल्या. शेवटच्या खेपेलाही सातच होती."

राजा ओरडला, "अगं बाई, मग इतका वेळ गप्प का होतीस?"

"मला विचारलं कोणी?"

सगळे धावले. सात-सातच्या एकशे त्रेचाळीस उतरंडी उभ्या राहिल्या. खाली एकही मडकं उरलं नाही. व्याह्यांनी दोनदा फेरी मारून मोजलं. खोट सापडेना, म्हणून थोडे रुसले, आणि मग जेवायला बसले. लग्न लागलं.

पगडी गाढवाच्या डोक्यावर गेली. त्याला ती शोभली, असं राणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राजानं विचारलं, "शास्त्री, एकशे एक ही संख्या मूळ आहे का?"

शास्त्र्याचा हात मिशीकडे गेला. अंगणात गाढव उभं होतं. हात खाली आला.

"थांबा महाराज. अजून सात राहिलाय."

त्यानं सात पाहिला. आठ, नऊ, दहाही पाहिले. मगच मान हलवली. संख्या खरोखर मूळ निघाली. राजा खूश झाला आणि त्यानं पगडी परत घ्यायची परवानगी दिली. पण तोवर गाढवानं ती निम्मी खाल्ली होती.

तात्पर्य: आपल्याला कंटाळा आला म्हणजे तपास संपला असं नाही. तो पुरा करावा, मगच तोंड उघडावं.