बिटकूने मीठ धुतलं

एक होता बिटकू. उंदराचं पिल्लू, एवढुस्सं. आई चुलीपाशी पेज ढवळत होती. पेज अळणी, घरात मीठ नाही. आई म्हणाली, "बिटकू, मावशीकडून मिठाचा खडा आण हो."

बिटकू गेला लुटुलुटु. मावशीकडचा शेवटचा खडा घेऊन निघाला लुटुलुटु. वाटेत लागली ठेच. खडा पडला मातीत. मातीत पडलेलं धुऊन घ्यायचं, असं आई सांगते. शहाणं बाळ ते! दगडाच्या खळग्यात चमचाभर पाणी होतं. त्यात बिटकूने खडा धुतला. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक. बघतो तर खडाच नाही. पंजात नाही, पाण्यात नाही, दगडाखाली नाही. बिटकू टकमक बघत राहिला.

"पाणीताई, पाणीताई, आईची पेज अळणी. माझं मीठ दे ना."

पाणी म्हणालं, "मीठ माझ्यात विरघळलं. सूर्य तापवेल, तर मी वाफ होऊन जाईन. मगच मीठ मागे राहील."

आहे, तर दिसत का नाही? बिटकूला काही कळेना. टेकाडावर चढला लुटुलुटु. मान केली वर.

"सूर्यदादा, सूर्यदादा, पाणी मीठ देईना, आईची पेज अळणी. जरा तापव ना."

"कसा तापवू? पुढ्यात ढग बसलाय. ढग हलेल, तर तापवेन."

"ढगोबा, ढगोबा, सूर्य तापवेना, पाणी मीठ देईना, आईची पेज अळणी. जरा हल ना."

"कसा हलू? मला पाय कुठे आहेत? वारा ढकलेल, तर हलेन."

पाय नाहीत, मग वर चढला कसा? बिटकूला काही कळेना. वारा बांधावर लोळत होता. बिटकू गेला लुटुलुटु.

"वारेबुवा, वारेबुवा, ढग हलेना, सूर्य तापवेना, पाणी मीठ देईना, आईची पेज अळणी. जरा ऊठ ना."

"उगाच कसा उठू? खळ्यावरची बायजाकाकू शीळ घालेल, तर उठेन."

बायजाकाकू सूप घेऊन खळ्यावर उभी. भात उफणून भुसा वाऱ्यावर उडवायचा होता, आणि वारा पडलेला.

"बायजाकाकू, बायजाकाकू, वारा उठेना, ढग हलेना, सूर्य तापवेना, पाणी मीठ देईना, आईची पेज अळणी. जरा शीळ घाल ना."

काकूने ओठांचा चंबू केला. फुस्स.

"कशी घालू रे बाळा? भुशाने तोंड कोरडं पडलंय. चिंच दिसेल, तर तोंडाला पाणी सुटेल."

नुसती दिसली की पाणी? बिटकूचं डोकं गरगरलं. तरी गेला बापडा लुटुलुटु.

"चिंचबाई, चिंचबाई, काकू शीळ घालीना, वारा उठेना, ढग हलेना, सूर्य तापवेना, पाणी मीठ देईना, आईची पेज अळणी. एक चिंच दे ना."

"कशी देऊ? मला हात कुठे आहेत? तूच चढ, तूच तोड."

बापरे, केवढं उंच झाड! पण पेज अळणी. चढला सरसर. देठ कुरतडला कुरकुर. चिंच पडली टप्प.

बिटकूने ती खळ्यावर नेली लुटुलुटु. चिंच पाहून काकूच्या तोंडाला पाणी सुटलं. काकूने शीळ घातली सूंऽऽई. वारा उठला भर्रर्र. काकूचा भुसा उडाला, ढगही हलला. सूर्य तापला रणरण. पाणी वाफ होऊन गेलं गुपचूप. आणि खळग्यात मागे राहिलं पांढरं पांढरं मीठ.

बिटकूने ते पानात बांधलं. घरी आला लुटुलुटु. आईने पेजेत टाकलं, ढवळलं, आणि मीठ पुन्हा नाहीसं.

"आई गं, गेलं," बिटकू रडवेला झाला.

आई म्हणाली, "चाखून तर बघ."

बिटकूने चाखलं. मीठ होतं की! डोळ्यांना दिसेना, पण जिभेला बरोबर सापडलं.

पेज प्याली भुरूभुरू, वाटी चाटली लुटुलुटु, आणि गोष्ट गेली पोटात.