धाकटा फुटवा

खुरप्याचं बोलणं झाडांना कळायचं, तेव्हाची ही गोष्ट.

एका मळ्यात एक जुनी शेवंती होती. तिचा बहर सरला आणि बुडाशी कोवळे फुटवे वर आले. एका सकाळी माळीण यमुनाक्का खुरपं घेऊन वाफ्यात उतरली, तसं शेवंतीच्या काळजात चर्र झालं.

"माझ्या पोरांना हात लावशील तर खबरदार!" ती खुरप्यावर खेकसली.

"सोड गं बाई," खुरपं म्हणालं. "एवढ्याशा मातीत एवढ्यांचं पोट भरायचं नाही."

शेवंतीनं मुळं आवळून धरली. तरी एकेक फुटवा सुटत गेला आणि समोरच्या नव्या वाफ्यात जाऊन बसला. सगळ्यात धाकट्याला मात्र तिनं वाळक्या पाल्याखाली दडवलं. खुरपं अगदी त्याच्या अंगाला घासून गेलं. शेवंतीनं श्वास रोखला. खुरपं पुढं सरकलं, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

थंडी आली. समोरचा वाफा पिवळाधमक झाला. आईच्या सावलीतल्या धाकट्याला मात्र एक कळीसुद्धा धरली नव्हती. समोर बघत तो हळूच म्हणाला,

"आई, त्या सगळ्यांना पाठवलंस. मला एकट्यालाच का मागं ठेवलंस? माझ्यात काय खोट होती?"