बिशपसाहेबांच्या हातचा घास

गोष्ट तेराशे शहाण्णव सालची. माझ्या सुरकुत्यांकडे बघू नका, मी तेव्हा नव्हतो. तुर्कांशी लढायला फ्रान्सची फौज निघाली होती. सरदार असे नटलेले, की लढाई आहे की लग्न, हे घोड्यांनाही कळेना.

एका गावात बिशपसाहेब चर्चमध्ये गरजले, "जो खांद्यावर कापडी क्रूस शिवून लढाईला निघेल, त्याच्या घराची काळजी माझी! तो करायचा ते सगळं मी करीन!" असं बोलायची रीतच होती. ते पाळायला लावतो कोण?

पेरेतनं लावलं. तिचा नवरा, गिलो कुंभार, भरात येऊन क्रूस शिवून बसला होता. क्रूस शिवला म्हणजे लढाईला जायची शपथच, आणि त्या शपथेतून फक्त बिशपच सोडवू शकत. तिनं आंधळ्या सासूला हाताला धरलं, लापशीचा वाडगा घेतला आणि थेट बिशपसाहेबांच्या वाड्यात जाऊन बसली.

"म्हातारी लेकाच्याच हातून खाते, साहेब. आता तुम्ही भरवायचं. आणि भरवताना गाणं म्हणायचं."

शब्द साऱ्या गावासमोर दिलेला! साहेबांनी चमचा धरला, भसाड्या आवाजात गायलेही. म्हातारीनं ओठ घट्ट मिटले.

"तुर्कांशी लढायला अख्खी फौज आहे, साहेब," पेरेत हळूच म्हणाली. "हिला भरवायला एकटाच आहे."

साहेबांनी गिलोला बोलावलं. त्यानं गुणगुणताच म्हातारीनं पिल्लासारखा आ केला. साहेबांनी आपल्या हातानं त्याच्या खांद्यावरचा क्रूस उसवला.

फौजेचं पुढे पार पानिपत झालं. गिलो मात्र रोज गात राहिला. बिशपसाहेब अधूनमधून यायचे. गाणं शिकतोय, म्हणायचे. मला विचाराल, तर त्यांनाही कुणीतरी भरवायला हवं होतं.