भुईआवळीचा गोतावळा

“यातली कोणती, माई?”

वासुदेवानं खांद्यावरचं गाठोडं मठीच्या ओट्यावर सोडलं. आतून डहाळ्या निघाल्या, मुळासकट उपटलेली रोपं निघाली, काटेरी फांद्या निघाल्या. त्यानं त्या घाईघाईनं मांडल्या. मुळांची मातीसुद्धा झटकली नव्हती.

रेवामाई कुड्याच्या पानांच्या पत्रावळी लावत बसल्या होत्या.

“कोणती म्हणजे?”

“माझी लेक जिच्यामुळं गेली, ती.”

माईंचा हात थांबला. पानात खुपसलेली बांबूची चोय अर्धीच राहिली.

घाटमाथ्यावरच्या त्या मठीत माई एकट्याच राहत. तरुणपणी नर्मदेची परिक्रमा करून आल्या, म्हणून लोक रेवामाई म्हणू लागले. झाडपाल्याचं ज्ञान त्यांना कुठून मिळालं, हे कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मिसरूड फुटायच्या आत वासुदेव परुळेकर त्यांच्याकडे आला. त्यांच्या मागून रानं तुडवली आणि शिकून खाली तालुक्याच्या गावी वैद्यकी मांडली.

काविळीवर त्याचा हात चांगला बसला. “परुळेकरांच्या ओट्यावर पिवळा माणूस चढतो नि उजळून उतरतो,” असं लोक म्हणत. लोक म्हणत होते तोवर ठीक होतं. पुढं पुढं तोही म्हणायला लागला.

श्रावणात त्याच्या लेकीचे डोळे पिवळे झाले. घरचं औषध सुरू झालं, तिला मोठ्या इस्पितळातही नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रात्रीचा दिवस केला. पितृपक्ष लागला तेव्हा तिचंच पान वाढायची वेळ घरावर आली.

“दवाखान्यात काय म्हणाले?” माईंनी विचारलं.

“म्हणाले, वेळेवर आणलंत. म्हणाले, आमच्याकडून कमी पडलं नाही, तुमच्याकडूनही नाही. क्वचित असं होतं म्हणाले.” वासुदेव हसला. ते हसणं ऐकवत नव्हतं. “क्वचित! माई, मला असल्या गोष्टी सांगू नका. मी वैद्य आहे. माणूस कारणाशिवाय जात नाही.”

“मग ही सगळी रोपं...”

“कारण शोधतोय.”

त्यानं दोन रोपं उचलून माईंपुढं धरली.

“ही भुईआवळी. आणि ही तिची बहीण, लाल देठाची. हिचं फळ खरखरीत, तिचं गुळगुळीत. दोघींची फळं पानांच्या पोटाशी ओळीनं लागतात. परसात एकीच्या अंगावर दुसरी उगवते. अंधुक उजेडात, घाईत, रडत्या डोळ्यांनी खुडताना... गफलत होणारच ना? तेच झालं असणार. दुसरं काही असूच शकत नाही.”

“औषधातलं काही उरलंय?”

त्यानं कनवटीचा रुमाल सोडला. आत वाळलेली जुडी होती. लेकीला रोज यातूनच मुळासकट वाटून, ताकात कालवून दिलं होतं. शेवटी ताकही तिच्या पोटात ठरेना, म्हणून एवढी जुडी उरली.

माईंनी ती जुडी उन्हात धरली. एकेक काडी वेगळी केली. देठावरून नख फिरवलं. एक पान जिभेवर ठेवून डोळे मिटले.

वासुदेव त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. कोर्टात निकालाची वाट बघतात, तसा.

“हीच,” माई म्हणाल्या. “बरोबर दिलीस.”

“नाही.”

“बरोबर दिलीस, वासू.”

“नीट बघा, माई. तुमची नजर आता पहिल्यासारखी...”

“नजर गेली असेल. जीभ गेली नाही.”

“एखादी काडी मिसळली असेल. खालून बघा.”

“खालूनही बघितलं.”

“मग मी माप चुकलो असेन. ताक आंबलं असेल. मी...” त्याचा आवाज चिरका झाला. “माई, एकदा म्हणा की चुकलास. मी सोसेन ते. तिची आई काही बोलत नाही मला. ताट वाढते, पाणी देते, शब्द म्हणून नाही. तिनं एकदा म्हणावं, तुम्ही मारलंत. कुणीतरी म्हणावं!”

माईंनी काड्या पुन्हा जुळवून जुडी त्याच्या हातात दिली.

“बरोबर दिली म्हणता... मग गेली कशानं ती?”

वारा आला. ओट्यावरची पानं जराशी सरकली.

“मला माहीत नाही,” माई म्हणाल्या.

वासुदेव इतकी वर्षं या बाईच्या पायाशी बसला, इतक्या वेड्यावाकड्या प्रश्नांनी त्यांना भंडावलं, पण हे वाक्य त्यानं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

“तुम्हाला... माहीत नाही?”

“नाही रे.”

“मग शिकवलंत काय मला?” तो ओरडलाच. “पावसापाण्यात डोंगर चढवलेत. पान उलटून बघ म्हणालात, चाखून बघ म्हणालात. सगळं केलं! लोकांची पोरं बरी केली. माझी एक...”

पुढचं बोलवेना. त्यानं ओट्यावरची रोपं दोन्ही हातांनी कवटाळली आणि अंगणात भिरकावली. फांद्या लांबवर गेल्या. काटे बोटांत घुसले, तेही त्याला कळलं नाही. वाळलेली जुडी तेवढी त्याला फेकता आली नाही. ती मुठीत तशीच राहिली.

माईंनी अडवलं नाही, समजावलंही नाही.

थोड्या वेळानं त्या भिंतीला हात टेकून उठल्या. ओट्याची पायरी जपून उतरल्या. कमरेत वाकून अंगणातली एक डहाळी त्यांनी उचलली.

“राहू द्या, माई.”

त्यांनी ऐकलं नाही. दुसरी उचलायला वाकल्या आणि झोक गेला. वासुदेव धावला. त्यांना सावरलं. मग म्हातारीला वाकू कसं द्यायचं, म्हणून स्वतःच वाकला.

माईंनी हातातली डहाळी त्याच्यापुढं धरली.

“ही कुणाची?”

त्यानं मान फिरवली.

“वासू, ही कुणाची?”

“आवळ्याची.”

“ती, दगडाशी पडली ती?”

“तीही त्यातलीच... रायआवळा. परड्यातला.”

“आणि ती?”

“पांढरफळी.” त्यानं ती उचलली तेव्हा कुठं बोटाचं रक्त त्याला दिसलं. “काट्यांची म्हणून कुणी परसात लावत नाही. पोरं फळं खातात.”

“ती जाड पानांची?”

“भोमा. बारक्या भोपळ्यासारखं फळ धरतं.”

“आणि ही?”

“असाणा. याचा वृक्ष होतो. खोडावर काटे असतात, लाकूड चिवट.” त्याचा आवाज आता खाली आला होता. “सगळा एकच गोतावळा, माई. एकीवर पाय पडला तरी कळत नाही, आणि एकाच्या सावलीत गुरं बसतात. तुम्हीच दाखवलं होतंत. मला खरं वाटलं नव्हतं.”

“भुईआवळ्या?”

त्या गवतात पडल्या होत्या. त्याला गुडघे टेकून शोधाव्या लागल्या. एक सापडली, मग लाल देठाची सापडली. फळं पानाआड तशीच होती, ओळीनं, एकही गळलं नव्हतं. ती बघताना त्याला हुंदका आला. तो त्यानं गिळला. श्रावणापासून तो गिळतच होता. दहाव्याला गिळला, तेराव्याला गिळला. भेटायला येणाऱ्यांना तो औषधांची नावं सांगत बसे, इस्पितळातल्या तपासण्या सांगत बसे, आणि लोक उठून जात.

सगळी रोपं पुन्हा ओट्यावर आली. माई पायरीवर टेकल्या. त्यांना धाप लागली होती.

“झाली सगळ्यांची नावं?”

“झाली.”

“एक राहिली.”

वासुदेवानं ओट्यावर बघितलं. मग अंगणात बघितलं. तुळशीमागं जाऊन आला. गवतावरून हात फिरवून आला.

“नाही, माई. काही राहिलं नाही.”

“राहिली. आल्यापासून तू माझी लेक म्हणालास. ती म्हणालास. नाव घेतलं नाहीस.”

...

वासुदेव उभा होता तिथंच उभा राहिला.

घरीही कुणी घेत नव्हतं. तिचं दप्तर माळ्यावर गेलं होतं, तिची खोली बंद होती, आणि नाव जिभेवर आलं की बायको स्वयंपाकघरात उठून जाई. मग तोही बोलायचं टाळू लागला. इतकं, की परवा रस्त्यात तिच्या वयाच्या एका मुलीला तिच्याच नावानं कुणी हाक मारली, तेव्हा तो दुसऱ्या गल्लीत शिरला होता.

त्यानं तोंड उघडलं. 

माई वाट बघत राहिल्या. खालच्या दरीतून धुकं चढत होतं. मठीच्या मागं कुठंतरी गुरं हाकलल्याचा आवाज आला नि विरला.

“इं...”

 मुठीतली वाळलेली जुडी चुरली, तिचा भुगा बोटांतून पायावर सांडत राहिला.

“इंदू,” तो म्हणाला.

आणि तो पायरीवर कोसळल्यासारखा बसला. आतून जे आलं ते रडणं होतं की ओरडणं, सांगता येणार नाही. कपाळ त्यानं माईंच्या गुडघ्यावर टेकलं. त्याचं सगळं अंग हलत होतं. माईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण थोपटलं नाही. नुसता ठेवला.

बराच वेळ गेला.

रडणं ओसरलं. त्यानं पंच्यानं तोंड पुसलं आणि वर बघितलं. माईंचे डोळेही भरले होते. त्या डोळ्यांत तो उत्तर शोधू लागला.

“पुन्हा घे,” माई म्हणाल्या.